त्रेचाळीस फूट म्हणजे तुमच्या गल्लीत किती?

ज्यांची रेंज घाटात जाते, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलताना चाळीस वेळा आलेलं 'म्हणजे बघा' मी कापलंय. एखादं राहिलं असेल तर चालवून घ्या.

विषय असा आहे की, आपलं लक्ष कुठं जातं आणि त्यानंतर आपण काय करतो, हे खरंच आपण ठरवतो का? की भिंतीवरची एखादी खूण, मेसेजमधला एखादा आकडा, शेजाऱ्याच्या घरात अजून लागलेला दिवा, असल्या बारक्या गोष्टी ठरवतात? या विषयावर इंग्रजीत ढिगानं पुस्तकं आहेत आणि बहुतेकांत तीच ती उदाहरणं असतात, कॅन्टीनमध्ये सॅलड कुठं ठेवलं आणि दुकानात चॉकलेट कुठं ठेवलं. चांगली आहेत, पण त्यात फार तर आपलं वजन वाढतं. आपल्या कोल्हापुरात याचं असं उदाहरण आहे की त्यात माणसाचं घर जातं, जनावरं जातात, कधी जीवही जातो. आणि ते दर पावसाळ्यात तुमच्या व्हॉट्सॲपवर येतं.

'राजाराम बंधारा पाणी पातळी ३९ फूट २ इंच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट.'

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. कोल्हापूरला वळसा घालून जाणारी नदी पंचगंगा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी एकत्र येऊन ती होते. पाचवी सरस्वती, ती गुप्त. पुढं नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते. शहराजवळ कसबा बावड्याला राजाराम बंधारा आहे आणि नदीची पातळी तिथं मोजतात. (सिव्हिलवाले ज्याला के.टी. वेअर म्हणतात, त्यातलं 'के' म्हणजे कोल्हापूर. आपल्या नावाचा बंधारा देशभर बांधला जातो, हे आपल्याच पोरांना माहीत नसतं.)

आता त्या मेसेजकडं माझ्या धंद्याच्या नजरेनं बघूया. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सर्व्हरवर अलर्ट लावणं हे माझ्या कामातलं रोजचं. मेमरी ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की मेसेज, नव्वदच्या वर गेली की फोन. पुराचा अलर्टही तसाच आहे. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. अशा ठरावीक मर्यादेची गंमत अशी की खऱ्या जगात तिथं काहीच घडत नाही. पाणी ३८ फूट ११ इंच असताना आणि ३९ फूट असताना नदी तीच असते, एक इंच वर. पण ३९ म्हटलं की बातमीचा मथळा बदलतो, ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडतो, जिल्हा प्रशासनाची धावपळ वाढते. एवढं काम तो आकडा करतो, आणि ते चांगलंच आहे. सगळ्या शहराचं लक्ष एकाच वेळी एका गोष्टीकडं न्यायला असा आकडा लागतो.

पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही आहे. ४३ ही बंधाऱ्याजवळच्या नदीची पातळी आहे. ती तुमच्या उंबऱ्याची नाही. शुक्रवार पेठेत, सुतार मळ्यात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, प्रयाग चिखलीत आणि आंबेवाडीत त्या एकाच आकड्याचा अर्थ वेगवेगळा आहे. कुणाच्या दारात पाणी ४३ च्या आधीच आलेलं असतं, कुणाकडं ५० ला सुद्धा येत नाही. मेसेज मात्र सगळ्यांना सारखाच. मग माणूस काय करतो? तो आकडा स्वतःच्या भाषेत आणायला बघतो. आणि इथून गोष्ट इंटरेस्टिंग होते.

त्याच्याकडं असलेली भाषा म्हणजे मागच्या मोठ्या पुराची आठवण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा नदीकाठच्या कितीतरी घरांत एकच वाक्य बोललं जात होतं: 'दोन हजार पाचला पाणी इथंपर्यंत आलं होतं.' हात भिंतीकडं. बऱ्याच भिंतींवर खूण होती, नसेल तर डोक्यात होती. त्या खुणेच्या वर सामान चढवलं, पोती माळ्यावर टाकली, फ्रीज टेबलावर ठेवला आणि लोक थांबले. हिशेब अगदी बरोबर होता, फक्त तो २००५ च्या नदीचा होता. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली, जुनी खूण बुडाली आणि टेबलावरच्या फ्रीजसकट घर बुडालं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. लोकांना होडीतून, कुठं छपरावरून काढावं लागलं.

याला मानसशास्त्रात अँकरिंग म्हणतात. अँकर म्हणजे जहाजाचा नांगर. डोक्यात एकदा एखादा आकडा रुतला की पुढचे सगळे अंदाज त्याच्याच आसपास घोटाळतात. १९७४ साली एमस टवर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोघांनी याचा एक प्रसिद्ध प्रयोग छापला. लोकांसमोर नशिबाचं चाक फिरवायचं, जत्रेत असतं तसं. चाकात गोम होती, ते १० वर नाहीतर ६५ वरच थांबायचं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के असतील? ज्यांच्यासमोर १० आला त्यांचा मधला अंदाज २५ टक्के, ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचा ४५. चाकाचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी नांगर लागलाच.

आता विचार करा, संबंध नसलेला आकडा जर इतकं ओढतो, तर स्वतःच्या घराच्या भिंतीवरची, आज्जीनं दाखवलेली खूण किती ओढत असेल? म्हणून २०१९ ला थांबलेल्यांना 'अडाणी', 'हट्टी' म्हणणारे लोक भेटले की माझं डोकं फिरतं. त्यांच्याकडं होती त्यातली सगळ्यात चांगली माहिती त्यांनी वापरली. बाकी आपल्यापैकी निम्मे लोक मोबाइल घेताना 'मूळ किंमत २९,९९९' वर मारलेली काट बघून खूश होतात. नांगर तोच.

दुसरी बारकी गोष्ट म्हणजे शेजारी. रात्रीचे अकरा वाजलेत, पाणी गल्लीच्या तोंडाशी आहे, नोटीस येऊन गेलीय. तुम्ही खिडकीतून बघता. समोरच्यांच्या घरात दिवा चालू, टीव्ही चालू. तुम्ही म्हणता, 'ते अजून आहेत की.' तेही नेमके त्याच वेळी तुमच्या खिडकीकडं बघून हेच म्हणत असतात.

१९६८ साली अमेरिकेत बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी हे खोलीत धूर सोडून बघितलं. माणूस फॉर्म भरत बसलाय आणि भिंतीतल्या फटीतून धूर येतोय. एकटा असला तर चारातले तीन जण उठून सांगायला गेले. पण बरोबर आणखी दोघं असली, आणि त्या दोघांना 'काहीही झालं तरी ढिम्म बसायचं' असं आधीच सांगून ठेवलेलं असलं, तर दहातला एकच उठला. बाकीचे डोळे चोळत, खोकत फॉर्म भरत बसले. धूर सगळ्यांना दिसत होता. त्याचा अर्थ काय, हे मात्र ते शेजारच्याच्या चेहऱ्यावरून ठरवत होते.

आणि आपल्याकडं तर पूर ही बघायला जायची गोष्ट आहे, हे मान्य करूया. पंचगंगा पात्राबाहेर आली की संध्याकाळी घाटावर, शिवाजी पुलावर गर्दी. गाड्या लावायला जागा नाही, कणसं भाजली जातायत, पोरं सेल्फी काढतायत, आजोबा नातवाला सांगतायत की आमच्या वेळी पाणी कुठं होतं. मला ते दृश्य आवडतं, खोटं कशाला बोलू. पण वर्षानुवर्षं जे पाणी आपण कणीस खात बघितलं, त्याची भीती एका रात्रीत कुठून येणार?

नरसोबाच्या वाडीला तर हे आणखी ठळक आहे. तिथं कृष्णेचं पाणी देवळात चढतं, दत्तगुरूंच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. हा दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला भाविक लांबून येतात. म्हणजे एकाच पावसाचं पाणी बंधाऱ्यावर मोजपट्टीसमोर 'इशारा' होतं आणि पुढं देवळाच्या दारात पर्वणी होतं. यात चूक-बरोबर काही नाही. श्रद्धेच्या जागी श्रद्धा. मला फक्त एवढंच दाखवायचंय की पाण्याचा अर्थ पाण्यात नसतो, ते कुठं आणि कशाशेजारी दिसतंय यात असतो.

शिरोळ तालुक्यात आणखी एक चकवा आहे. जिल्हा एकच, पण पश्चिमेला गगनबावड्यात धो धो पाऊस आणि पूर्वेला शिरोळमध्ये त्याच्या कितीतरी कमी. वर घाटमाथ्यावर कोसळलेलं पाणी खाली शिरोळला यायला वेळ लागतो. त्यामुळं कधी कधी शिरोळमध्ये लख्ख ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. माणसाची हजारो वर्षांची सवय आभाळ बघायची. आभाळ म्हणतं सगळं ठीक आहे. फोनवर पूर्ण जिल्ह्याला एकच रंगाचा अलर्ट. कुणावर विश्वास ठेवायचा? बहुतेक जण आभाळावर ठेवतात.

धरणाच्या दरवाजांचंही तसंच. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, आणि एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. त्याचा व्हिडिओ दहा मिनिटांत सगळ्या ग्रुपवर. दिसायला भारी असतो, म्हणून सगळं लक्ष तिकडं. दऱ्याखोऱ्यांतल्या शेकडो ओढ्यांतून नदीला येणारं पाणी कुणी शूट करत नाही, म्हणून ते कुणाच्या हिशेबात नसतं. आणि 'क्युसेक' हा शब्द तर आपण सगळे मान डोलावत ऐकतो. १४२८ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण चाळीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे पाण्याचे चार टँकर, दर सेकंदाला. आता दिसलं ना?

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा तपशील: वेग. हे समजायला जरा मुंबईला जाऊन येऊ.

मुंबईत रूळ ओलांडताना माणसं मरतात, वर्षानुवर्षं. कुंपण घातलं तर तोडतात, दंड केला तर भरतात, पाट्यांकडं कुणी बघत नाही. २००९ च्या अखेरीस हार्बर लाइनवर वडाळ्याजवळ फायनल माइल नावाच्या कंपनीनं रेल्वेबरोबर एक वेगळा प्रयोग केला. त्यांचं म्हणणं असं की लोकांना धोका माहीत आहे, पण येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांना कळत नाही. मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येतेय असं वाटतं. मग त्यांनी रुळाखालचे काही स्लीपर ठरावीक अंतरानं पिवळे रंगवले. गाडी येताना ते पिवळे पट्टे एकामागून एक झाकले जातात आणि वेग दिसायला लागतो. मोटरमनना एक लांब हॉर्न वाजवण्याऐवजी थांबून थांबून दोन छोटे हॉर्न वाजवायला सांगितलं, कारण मधल्या शांततेनं कान टवकारतात. आणि पाटीवर सूचनेऐवजी गाडीखाली येणाऱ्या माणसाचा घाबरलेला चेहरा. त्या जागेवरचे मृत्यू कमी झाल्याच्या बातम्या आल्या. एका ठिकाणचा प्रयोग आहे, त्यावरून सगळं जग सुधारेल असं मी म्हणणार नाही. पण पिवळ्या रंगाचा डबा किती स्वस्त आहे, तेवढं बघा.

पुराच्या पाण्याचा प्रश्न याच जातीचा, फक्त उलट्या टोकाचा. रेल्वे इतकी मोठी की वेग कळत नाही, पाणी इतकं हळू की वेग कळत नाही. तासभर बघत उभं राहिलात तरी हललेलं वाटत नाही. जेवून येता, तर पायरी गेलेली असते. आणि आपला मेसेज काय सांगतो? ३९ फूट २ इंच. म्हणजे नदी कुठं आहे ते सांगतो, किती जोरात येतेय ते नाही. ३९ ते ४३ म्हणजे चार फूट, ४८ इंच. तासाला एक इंच चढत असेल तर तुमच्याकडं दोन दिवस आहेत. तासाला तीन इंच चढत असेल तर सोळा तास, आणि त्यातली एक रात्र. आकडा तोच, पण एकात म्हशी हलवायला वेळ आहे आणि दुसऱ्यात नाही. आमच्याकडं सर्व्हरची डिस्क भरत आली की 'किती भरली' यापेक्षा 'या वेगानं किती वाजता भरेल' हा अलर्ट लावतात, कारण माणूस त्याच्यावरच उठतो. मागच्या तासाची पातळी मेसेजमध्ये शेजारी लिहिली तरी अर्धं काम होईल. काही ग्रुपवर पोरं स्वतःच हे करतात, दर तासाचा आकडा खाली खाली लिहीत जातात. नाद करायचा नाही अशा पोरांचा.

म्हशींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. लोक घर का सोडत नाहीत याचं सगळं उत्तर मानसशास्त्रात नाही. गोठ्यात चार दुभती जनावरं असतील आणि निवारा केंद्र म्हणजे शाळेचा वर्ग असेल, तर तो माणूस थांबणारच. तिथं दोरी बांधायला खुंटा आणि वैरण आहे, एवढं नोटिशीत लिहिलं की त्याच नोटिशीचं वजन बदलतं. चिखली-आंबेवाडीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला उंचावर जागा मिळाल्या, पण शेत, गोठा, देऊळ, सगळं जगणं जुन्या गावात. माणूस जगण्याजवळ राहतो.

आणि उशीर झाल्यावर घाई होते, ती वेगळीच जीवघेणी असते. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि त्यात कितीतरी माणसं गेली. आदल्या दिवसांत काय दिसलं आणि काय नाही, याचा हिशेब असा शेवटी एका होडीत येऊन बसतो.

शब्दांबद्दल एक बोलायचंय, विशेषतः जे आत्ता फ्लॅट बघतायत त्यांच्यासाठी. नदीकाठी दोन पूररेषा आखतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकलं की आपण मनात म्हणतो, म्हणजे आमच्या नातवाच्या वेळी बघू. चुकीचं ऐकू येतंय. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. आता तुमच्या वीस वर्षांच्या होम लोनवर तो हिशेब लावा: हप्ते फिटेपर्यंत एकदा तरी लाल रेषेपर्यंत पाणी यायची शक्यता साधारण १८ टक्के. निळ्या रेषेसाठी तोच हिशेब केला तर ५६ टक्के, म्हणजे छापा-काट्यापेक्षा वाईट. आणि हे गणित पाऊस जुन्यासारखाच पडेल असं धरून. २०१९ नंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ ला, पंचगंगा पुन्हा ५५ च्या पुढं गेलीच.

खुणेचं चांगलं रूपही आहे. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर इवाते प्रांतात अनेयोशी नावाची चिमुकली वस्ती आहे. १८९६ आणि १९३३ अशा दोन त्सुनामींत ती जवळजवळ पुसली गेली. मग वाचलेल्यांनी चढावर, रस्त्याच्या कडेला एक दगड रोवला आणि त्यावर कोरलं की याच्या खाली घर बांधू नका. २०११ ची त्सुनामी त्या दगडाच्या साधारण शंभर मीटर खाली येऊन थांबली. घरं वर होती. असे शेकडो दगड त्या किनाऱ्यावर आहेत आणि बऱ्याच ठिकाणी लोक ते विसरले. इथं का चाललं? मला वाटतं दोन कारणं. तो दगड रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. आणि तो फक्त 'पाणी इथं आलं होतं' असं सांगत नाही, काय करायचं ते सांगतो. आपल्या भिंतीवरची खूण पहिलं काम करते, दुसरं करत नाही. उलट ती गुपचूप सांगते की याच्या वर काही होणार नाही.

२०२३ मध्ये सरकारनं फोनवरच्या आपत्ती अलर्टची चाचणी घेतली होती, आठवतंय? सायलेंटवर असलेला फोन सुद्धा किंचाळला, ऑफिसात सगळे दचकले आणि पाच मिनिटांत मीम्स सुरू झाले. लक्ष वेधायचं काम त्या आवाजानं फर्स्ट क्लास केलं. पण खऱ्या पुरात तो वाजेल तेव्हा पहिल्या दोन ओळींत 'तुमची गल्ली, इतके तास, या शाळेत जा, जनावरांची सोय आहे' असं काही नसेल, तर लोक पुन्हा समोरच्यांच्या खिडकीकडंच बघतील.

तर या वेळी एक छोटं काम देतो. नदीकाठच्या किंवा ओढ्याकाठच्या श्रोत्यांनो, घरातल्या मोठ्या माणसांना विचारा: राजाराम बंधाऱ्यावर किती फूट असताना आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं? सांगलीकरांनो, तुमच्यासाठी आयर्विन पुलाचा आकडा; तिथं इशारा ४० आणि धोका ४५. मिळालेला आकडा मीटरच्या पेटीशेजारी मार्करनं लिहा आणि त्याखाली दुसरी ओळ लिहा: याच्या तीन फूट आधी कोण गाडी काढणार आणि म्हशी कोण सोडणार. नाव घालून लिहा. 'कुणीतरी' लिहू नका.

पुढच्या भागात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलवर उभं राहून आपण हॉर्न का वाजवतो ते बघू. तोपर्यंत फोन चार्ज ठेवा.